पॉइंटचा भाव काढ, मग खर्च कर

चि. सोनू हिस,


तू पाठवलेला फोटो पाहिला. एचडीएफसीच्या रिगालिया गोल्ड कार्डावर २०,००० पॉइंट्स जमलेत, कॅटलॉगमधली ट्रॉली बॅग तेवढ्याच पॉइंट्समध्ये मिळते आहे, तर घेऊन टाकू का, असं तू विचारलंस. फोनवर मी नुसतं 'थांब' म्हणाले. का थांब, ते बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं, कारण यात आकडे आहेत आणि आकडे डोळ्यांसमोर असले की पटतात. शिवाय बँकेच्या कार्ड विभागात मी इतकी वर्षं जे पाहिलं, ते घरातल्या मुलीला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं?

पॉइंट म्हणजे ठरलेल्या किमतीचं नाणं नव्हे. तो कुठे वापरतेस त्यावर त्याचा भाव ठरतो. तुझेच २०,००० पॉइंट्स घे. ते कार्डाच्या बिलात वळते करून घेतलेस तर आजच्या नियमाप्रमाणे पॉइंटला २० पैसे मिळतात, म्हणजे ४,००० रुपये. तेच बँकेच्या स्मार्टबाय पोर्टलवर विमानाच्या तिकिटाला किंवा हॉटेलला लावलेस तर पॉइंटला ५० पैसे, म्हणजे १०,००० रुपये. आता तुझी बॅग. तिच्यावर छापील किंमत ७,००० आहे, म्हणून ती तुला फायद्याची वाटली. पण छापील किमतीला बॅग विकत कोण घेतं? तशीच बॅग दुकानात ४,२०० ला मिळते, हे तूच मागच्या पाडव्याला पाहिलं होतंस. ४,२०० ला २०,००० ने भाग. एका पॉइंटचे २१ पैसे आले. दहा हजारांची गोष्ट बेचाळीसशेत देऊन टाकायची, असा तो सौदा आहे.

एवढा एक भागाकार तू कायम करत जा. वस्तू किंवा तिकीट रोखीने प्रत्यक्ष कितीला मिळेल ते पाहायचं, त्यातून वरून भरावे लागणारे पैसे वजा करायचे आणि उरलेल्याला पॉइंट्सनी भागायचं. प्रत्यक्ष कितीला मिळेल, यातल्या 'प्रत्यक्ष' या शब्दातच सगळी मेख आहे. दिवाळीला तू बंगळुरूहून नागपूरला येणार, तेव्हा तिकिटाला पॉइंट्स वापरणं हे तुझ्यासाठी उत्तम. पण तिथेही डोळे झाकून जाऊ नकोस. समज, पोर्टलवर तिकीट ६,८०० ला आहे आणि विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ६,२०० ला. तू ८,००० पॉइंट्स लावलेस, ४,००० रुपये सुटले असं दिसलं, पण ६०० रुपये तिकिटातच जास्त गेले. खरे वाचले ३,४००, म्हणजे पॉइंटला ५० नव्हे, साडेबेचाळीस पैसे. तरीही बॅगेच्या दुप्पट आहे, म्हणून खुशाल घे, पण हिशोब करून घे. आणि हे लक्षात ठेव की सगळं तिकीट पॉइंट्सवर निघत नाही, काही हिस्सा कार्डाने भरावाच लागतो. म्हणून २०,००० एकाच तिकिटात संपतील असं धरू नकोस. जायचं आणि यायचं, दोन्हीकडे वाटून लाव.

तुझ्या कार्डाचं उत्तर दुसऱ्याच्या कार्डाला लागू करू नकोस, हेही सांगते. त्याच बँकेचं मिलेनिया कार्ड घे. तिथे बिलात वळता केला तर एका कॅशपॉइंटचा पूर्ण एक रुपया मिळतो आणि प्रवासाला वापरला तर ३० पैसे. म्हणजे तुझ्या अगदी उलट. एसबीआयच्या बहुतेक कार्डांवर चार पॉइंट्सचा एक रुपया. अ‍ॅमेझॉन पेच्या आयसीआयसीआय कार्डावर एक पॉइंट म्हणजे एक रुपया, तो आपोआप खात्यात येतो आणि संपतही नाही. तुझी मैत्रीण सांगेल की तिच्याकडे ५०,००० पॉइंट्स आहेत. ते २५ पैशांचे आहेत की रुपयाचे, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला काहीच अर्थ नाही.

मिळकतीची बाजूही रुपयातच मोज. तुझ्या कार्डावर १५० रुपयांना ४ पॉइंट्स. ५० पैशांनी धरले तर १५० ला २ रुपये, म्हणजे साधारण १.३३ टक्के. २० पैशांनी धरले तर अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. आता वार्षिक फी २,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २,९५०. वर्षाला चार लाख खर्च झाला तर ती माफ होते. समजा तुझा खर्च तीन लाखच झाला. ८,००० पॉइंट्स मिळाले. प्रवासाला वापरलेस तर ४,००० रुपये, फी वजा जाता हाती हजारभर. बिलात वळते केलेस तर १,६००, म्हणजे फीसुद्धा निघाली नाही. कार्ड ठेवावं की नाही, याचा निर्णय दरवर्षी फी लागण्याच्या महिनाभर आधी असाच कागदावर कर. बंद करायचं ठरलं तर बँकेने टाळाटाळ करायची नसते. सगळी बाकी चुकती असेल तर विनंती मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर बँकेने तुला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. फक्त बंद करण्याआधी पॉइंट्स वापरून टाक. एकदा बंद झालं की ते गेले.

मिंत्रा, नायका, रिलायन्स डिजिटल या ठिकाणी तुझ्या कार्डावर पाचपट पॉइंट्स मिळतात. जे घ्यायचंच होतं ते तिथे घे. पण तीन हजारांचा कुर्ता 'पॉइंट्स मिळतात' म्हणून घेतलास तर ४०० पॉइंट्स येतील, म्हणजे फार तर २०० रुपये. उरलेले अठ्ठावीसशे तुझ्याच खिशातून गेले. आधी गरज, मग दुकान, मग कार्ड, हा क्रम उलटा झाला की बँक जिंकते.

आता जे सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. बँकेत मी अशी माणसं पाहिली की ज्यांना कुठल्या दुकानात किती पट पॉइंट्स मिळतात ते तोंडपाठ होतं आणि जी महिन्याच्या शेवटी 'मिनिमम ड्यू' भरत होती. शिकलेली, चांगल्या नोकरीतली माणसं होती ती. बिलावरचा तो छोटा आकडा पाहून वाटतं की एवढं भरलं की झालं. तसं होत नाही. बाकी राहिलेल्या रकमेवर अनेक कार्डांवर महिन्याला पावणेचार टक्के व्याज लागतं, वर्षाचे ४५ टक्के. त्यावर जीएसटी वेगळा. शिवाय बिनव्याजी मुदत संपते, म्हणजे पुढच्या नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू. फक्त १०,००० रुपये एक महिना मागे ठेवलेस तर व्याजाचे ३७५ आणि जीएसटीचे साडेसदुसष्ट, एकूण ४४२ रुपये ५० पैसे. तेवढे पैसे पॉइंट्समधून मिळवायला तुला तुझ्या कार्डावर सुमारे ३३ हजार रुपये खर्च करावे लागतील, तेही सगळे पॉइंट्स उत्तम भावाने वापरून.

हे पॉइंट्स येतात कुठून ते तुला कळलं की याचं गांभीर्य कळेल. तू कार्ड वापरतेस तेव्हा दुकानदाराला बिलातले काही टक्के सोडावे लागतात, त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यातून तुला पॉइंट्स मिळतात. बँकेची दुसरी मोठी कमाई म्हणजे बिल पूर्ण न भरणाऱ्यांचं व्याज. तू वेळेवर पूर्ण भरणाऱ्यांत राहिलीस तरच हा व्यवहार तुझ्या बाजूचा आहे. म्हणून ऑटो-पे लाव आणि ते 'टोटल अमाउंट ड्यू' वर लाव, 'मिनिमम' वर नको. अ‍ॅपमध्ये दोन्ही पर्याय एकाखाली एक असतात, घाईत चुकीचा निवडला जातो. कार्डावर एटीएममधून रोख कधीच काढू नकोस. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आहे, वर फी आहे आणि पॉइंट एकही नाही.

पॉइंट्स साठवून ठेवण्याचा मोह होतो, तो आवर. बँकेत ठेव ठेवलीस तर तिला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पॉइंट्सना कुठलंच नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची विमानं थांबली. ज्यांनी वर्षानुवर्षं तिचे माइल्स, म्हणजे विमान प्रवासाचे पॉइंट्स, जमवले होते, त्यांचा खात्यातला आकडा तेवढाच राहिला, पण ज्या विमानांसाठी तो जमवला ती विमानंच उरली नाहीत. २०२३ च्या सप्टेंबरात अ‍ॅक्सिसच्या मॅग्नस कार्डाचे नियम बदलले. आधी ५ पॉइंट्सचे ४ माइल्स मिळत, ते २ झाले. साठवून बसलेल्यांचा भाव एका रात्रीत निम्म्यावर आला. तुझे पॉइंट्स दोन वर्षांत संपतात. पण मुदत संपायची वाट कशाला पाहायची? वर्षातून एकदा, दिवाळीला किंवा उन्हाळ्यात घरी येताना, वापरून टाक. अगदी थोडे थोडे मात्र वळते करू नकोस. अनेक बँका दर वेळी ९९ रुपये आणि जीएसटी अशी फी घेतात, ती दहादा भरण्यात अर्थ नाही.

विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या योजनेत पॉइंट्स पाठवून परदेशाच्या तिकिटावर रुपया-दीड रुपया भाव काढणारे लोक आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत. तुझं कार्ड, तुझा खर्च आणि तुझ्या रजा पाहता आज तुला त्याची गरज नाही. पुढे कधी केलंस तर आधी हव्या त्या तारखेची जागा खरोखर मिळते आहे का ते पाहा, मगच पाठव. एकदा पाठवलेले पॉइंट्स परत येत नाहीत.

ऑफिसात सगळ्यांच्या जेवणाचं बिल आपल्या कार्डाने भरून त्यांच्याकडून यूपीआयने पैसे घेतेस, ते ठीक. पण चुलत भावाचा लाखाचा फोन तुझ्या कार्डावर घेऊ नकोस. त्याने पैसे उशिरा दिले तरी बिलाची तारीख तुझी असते. आणि वर्षात दहा लाख किंवा जास्त रुपयांची कार्ड बिलं भरली गेली की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. खर्च तुझ्या मिळकतीशी जुळला नाही तर उत्तर तुलाच द्यावं लागेल.

आणखी एक. 'तुमचे ९,८०० रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट्स आज संपत आहेत, खालच्या लिंकवर जा' असा मेसेज तुला येईल, आज ना उद्या. कधी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल येते, तिच्यावर बँकेचं बोधचिन्हही असतं. बँक अशी फाइल पाठवत नाही. लिंक उघडायची नाही, फाइल उतरवायची नाही. पॉइंट्स पाहायचे ते बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये. कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवायचा. आणि चुकून काही घडलंच तर लाजून गप्प बसू नकोस, लगेच कार्ड ब्लॉक कर आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन कर. पहिल्या तासात तक्रार झाली तर पैसे अडवले जाण्याची शक्यता बरीच असते. हे तुझ्या आईलाही सांग. तिच्याकडे आता तुझं अ‍ॅड-ऑन कार्ड आहे आणि असे मेसेज ती खरे मानते.

बॅग हवीच असेल तर ती इथे सीताबर्डीला आलीस की आपण पाहून घेऊ. दिवाळीची भाडी आत्तापासून चढू लागतील, तेव्हा या आठवड्यात पोर्टलवरचं आणि विमान कंपनीच्या साइटवरचं, दोन्ही भाडी मला कळव. सोबत तुझं मागच्या महिन्याचं स्टेटमेंट पाठव, ऑटो-पे कशावर लागलं आहे तेही एकदा पाहू.

तुझी
मावशी