तोच चाकू, नवी मूठ
(द्वितीय वर्ष कला)

मक्तेदारीयुक्त स्पर्धा शिकताना ‘वस्तूभेद’ हा मुद्दा येतो. चेंबरलिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९३३ साली त्याची ग्रंथरूपाने मांडणी केली. पाठ्यपुस्तकांत उदाहरण बहुधा साबणाचे असते. मी येथे चाकूचे घेतो, कारण साबणापेक्षा चाकू मला अधिक कळतो. माझे वडील कोकणातल्या एका रोपवाटिकेत आंब्याची कोयकलमे बांधतात. आमचे घर चाकूवर चालते, असे म्हटल्यास वाचकांनी हसू नये.

फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये खिशात मावणारा, मिटणारा चाकू बनविला. पोलादी पाते आणि बीचच्या लाकडाची मूठ, एवढाच त्याचा थाट. १८९७ पासून त्याचे १ ते १२ असे आकार ठरले, आणि १९५५ मध्ये उघडलेले पाते पक्के करणारी कडी त्याला बसविली गेली. शेतकऱ्यांचा हा चाकू. आज त्याचाच ८ क्रमांकाचा आकार ऑलिव्ह किंवा अक्रोडाच्या मुठीतही मिळतो, अर्थात जास्त किमतीला. पात्याचा आकार तोच, कडीही तीच. मग जास्तीचे पैसे कशाचे?

व्हेब्लेन याने १८९९ च्या ‘थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात चमच्याचे उदाहरण दिले आहे. हाताने घडविलेला चांदीचा चमचा दहा-वीस डॉलरचा, तर यंत्रावर बनलेला ॲल्युमिनियमचा दहा-वीस सेंटचा. तोंडात घास दोन्हींनी सारखाच जातो. महाग वस्तू आपल्याला सुंदर वाटते त्यात तिच्या महागपणाचाही वाटा असतो, असा त्याचा रोख आहे. ऑलिव्हच्या मुठीला हे बरेचसे लागू पडते.

परंतु एवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. बेंचमेड या अमेरिकन कंपनीने २०१७ साली ‘बगआउट’ नावाचा हलका चाकू काढला. मूठ काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची, पाते ‘एस ३० व्ही’ पोलादाचे. पुढे त्याचीच भारी आवृत्ती आली. तिला कार्बन फायबरची मूठ आणि ‘एस ९० व्ही’ पोलादाचे पाते आहे. पहिल्या पोलादात व्हॅनेडियम सुमारे ४ टक्के, दुसऱ्यात सुमारे ९ टक्के असते. वितळलेल्या धातूची बारीक भुकटी करून, ती उष्णता व दाब देऊन पुन्हा सांधतात. त्यामुळे व्हॅनेडियमचे कठीण कण पात्यात सर्वत्र सारखे पसरतात आणि धार फार दिवस टिकते. येथे वाढीव किमतीचा काही भाग खराच कामाचा आहे. फक्त तो मुठीच्या दिमाखाबरोबर एकाच गठ्ठ्यात विकला जातो, आणि कशाचे किती हे गिऱ्हाइकाला सुटे करून कळत नाही.

शिवाय ते कण धार लावण्याच्या नेहमीच्या दगडातील कणांहूनही कठीण असतात. धार गेली की हिऱ्याची भुकटी बसविलेली पट्टी बरी पडते. ती आमच्या गावच्या बाजारात कोणी ठेवत नाही.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे पैसे आले तेव्हा मी वडिलांसाठी एक चकचकीत, नक्षीदार मुठीचा चाकू घेतला. तो या कोणत्याही कंपनीचा नव्हता, पण आमच्या मानाने महागच होता. बाबांनी तो उघडला, मिटला, अंगठ्याने धार पाहिली आणि विचारले, “ह्याला धार कशावर लावायची?” मला उत्तर देता आले नाही. त्यांचा स्वतःचा चाकू लोहाराने जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेला आहे. दिवसाला कित्येक काप घ्यायचे, तेव्हा तो पुनःपुन्हा दगडावर जातो, आणि चार-सहा हातांत पुन्हा तयार होतो. बोथट पात्याने काडीची पाचर चेचली की कलम जगत नाही.

अर्थात त्या चाकूचे दोषही आहेत. पावसाळ्यात रात्रीत गंज चढतो, म्हणून बाबा रोज पुसून खोबरेल लावतात. न गंजणारे पोलाद येथे उपयोगीच पडेल. ओपिनेलचे साधे कार्बन पोलादाचे पातेही गंजतेच, आणि ओलाव्याने लाकडी मूठ फुगली की पाते उघडताना अडते. तेव्हा ‘जुने तेच चांगले’ असे मला म्हणायचे नाही.

मी आणलेला चाकू सध्या आई नारळाच्या शेंड्या सोडवायला वापरते. मूठ पाहून शेजारच्या काकूंनी त्याची किंमत विचारली होती. आईने ती दुप्पट सांगितली.