बिघडलेल्या तबकड्यांवरील माहिती

आमच्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ, दुधाळा येथें, गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा बांधण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २६०० कोटि रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा चार-चार किलोमीटर लांबीच्या योजिलेल्या आहेत. वाचकांस भुजांचें नवल वाटेल. आम्हांस मात्र एक घरगुती प्रश्न पडला. येथील नोंदी ज्या तबकड्यांवर (बाजारांत त्यांस हार्ड डिस्क म्हणतात) राहतील, त्याच बिघडल्या तर काय होईल?

प्रश्न क्षुल्लक नाहीं. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील दोन लायगो वेधशाळांनीं पहिली लहर टिपली. ती सुमारें १३० कोटि प्रकाशवर्षांवरून आली आणि सेकंदाच्या सुमारें पांचव्या हिश्शांत निघून गेली. रसायनाचा प्रयोग फसला तर दुसरी परीक्षानळी घेतां येते. गेलेली लहर पुनः बोलावतां येत नाहीं.

म्हणून मोठ्या संगणकांत माहिती एकाच तबकडीवर न ठेवितां अनेक तबकड्यांच्या संचावर वांटून ठेवितात. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ ह्या तिघांनीं १९८८ सालीं ह्या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. तिला ‘रेड’ असें नांव आहे. तिचें मर्म प्राथमिक शाळेंतील गणिताहून कठिण नाहीं. तीन तबकड्यांवर ७, ४ व ९ हे अंक असले, तर चौथीवर त्यांची बेरीज २० लिहून ठेवावी. दुसरी तबकडी निकामी झाली, तर २० मधून ७ व ९ वजा करावे, कीं हरवलेला ४ हातीं येतो. संगणकास शून्य व एक हे दोनच अंक ठाऊक. म्हणून तो बेरजेऐवजीं एकांची संख्या सम आहे कीं विषम, एवढेंच लिहितो. एक तबकडी गेली तर अशा रीतीनें निभावतें. दोन गेल्या तर एका बेरजेवरून दोन अंक कसे काढणार? त्यासाठीं दुसरा, निराळ्या गणिताचा पडताळा ठेवावा लागतो.

परंतु कित्येकदां तबकड्या शाबूत असतात आणि त्यांस चालविणारें नियंत्रक यंत्रच जळतें. मग स्थिति सुट्या पानांच्या पोथीसारखी होते. पोथी वाऱ्यानें उधळली तरी पानांवर आंकडे असल्यास ती पुनः लावतां येते. कित्येक संचांत प्रत्येक तबकडीवर तिचें स्थान असेंच लिहिलेलें असतें. आंकडे नसतील तर एका पानाअखेर अर्धवट राहिलेलें वाक्य कोणत्या पानावर पुरें होतें, हें पाहत बसावें लागतें. चार तबकड्यांचे २४ क्रम संभवतात, आठांचे ४०,३२०! शिवाय प्रत्येक तबकडीवर एका वेळीं माहितीचा केवढा तुकडा लिहिला जात होता, तेंही शोधावें लागतें.

म्हणून जाणते लोक तबकडी खणांतून काढण्यापूर्वीं तिच्यावर खणाचा क्रमांक लिहितात. नंतर प्रत्येकीची पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत नक्कल करितात, आणि पुढील सारे प्रयोग नकलेवरच होतात. घाबरलेला मनुष्य मात्र, ‘नवा संच बांधूं काय?’ ह्या यंत्राच्या प्रश्नास ‘होय’ म्हणून मोकळा होतो, आणि जुन्या खुणा पुसल्या जातात. निकामी तबकडीच्या जागीं नवी घालून तीवर माहिती भरूं देणें हेंही निर्धोक नव्हे. त्या कामीं उरलेल्या सर्व तबकड्या अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. त्या एकाच वयाच्या असल्यानें त्यांतील एखादी त्याच वेळीं दगा देते.

आमच्या मतें अशा संचास ‘दुसरी प्रत’ समजणें हीच मोठी चूक आहे. चुकून पुसलेला लेख संचांतील सर्व तबकड्यांवरून एकदमच पुसला जातो, आणि वीज पडली तर ती तबकड्या मोजीत नाहीं. दुसरी प्रत दुसऱ्या गांवीं असावी. २०१५ च्या त्या लहरीच्या नोंदी आज सर्वांस खुल्या आहेत. हिंगोलीच्या शाळेंतील संगणकावरही त्या उतरवून घेतां येतात.