या महिन्याचा इंग्रजी शब्द : कन्सेंट



या सदरात आपण एकच इंग्रजी शब्द घेतो, पण तो नीट शिकतो. आधी सोपं वाक्य, मग जरा लांब, मग कागदावर येतं तसं अवघड. या महिन्याचा शब्द आहे 'कन्सेंट'. स्पेलिंग : सी-ओ-एन-एस-ई-एन-टी. म्हणताना जोर 'सेंट'वर द्यायचा. मराठीत अर्थ 'संमती'.

हाच शब्द का? कारण दवाखान्याच्या फॉर्मवर, कर्जाच्या कागदावर, मोबाईलच्या ॲपमध्ये, जिथं आपण सही किंवा अंगठा करतो, तिथं वरच्या ओळीत तो पुष्कळदा असतो. ओळ इंग्रजीत, समोरच्याला घाई, आणि 'ताई, इथं सही करा' म्हणून बोट दाखवलेलं. तेवढ्यात हा एक शब्द ओळखता आला, तर 'थांबा, मी कशाला संमती देतेय?' एवढं तरी विचारता येतं.

शब्दाची फोड

'कन्सेंट' मूळचा लॅटिन भाषेतला. 'कन' म्हणजे सोबत आणि 'सेंट' म्हणजे वाटणं, जाणवणं. आता आपला शब्द बघा. सम् अधिक मती, संमती. दोन्हीकडे गोष्ट एकच : दोघांच्या मनात सारखंच उतरलं पाहिजे.

आपला कायदाही हेच सांगतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार दोन माणसं एकाच गोष्टीला, एकाच अर्थानं कबूल झाली तर ती संमती. जबरदस्ती करून, दबाव टाकून, फसवून किंवा खोटी माहिती देऊन घेतलेली संमती ही मोकळी संमती धरत नाहीत. म्हणजे नुसता अंगठा उमटला की कन्सेंट झाला, असं नाही. आधी समजलं पाहिजे, मग पटलं पाहिजे, मग सही.

पहिली पायरी : सोपी वाक्यं

१. आय कन्सेंट.
माझी संमती आहे.

२. आय डू नॉट कन्सेंट.
माझी संमती नाही.

३. शी गेव्ह हर कन्सेंट.
तिनं आपली संमती दिली.

पहिल्या दोन वाक्यांत कन्सेंट हे क्रियापद आहे, तिसऱ्यात नाम. शब्द तोच, बदल काही नाही. दुसरं वाक्य बैठकीत सगळ्यांनी मोठ्यानं तीनदा म्हणा. आपल्याला 'हो' म्हणायची सवय जास्त, 'नाही'ची कमी. पण नाही म्हणायची सोयच नसेल, तर त्या 'हो'ला संमती म्हणता येत नाही.

दुसरी पायरी : मधली वाक्यं

४. प्लीज साइन द कन्सेंट फॉर्म.
कृपया संमतीपत्रावर सही करा.

५. हर हजबंड टूक द ॲडव्हान्स विदाउट हर कन्सेंट.
तिच्या नवऱ्यानं तिच्या संमतीशिवाय उचल घेतली.

'विदाउट' म्हणजे शिवाय. पाचवं वाक्य आपल्या जिल्ह्यात समजावून सांगायला नको. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मोजली जाते जोडीची, फेडायला फडात राबतात दोघं, पण मुकादमासोबत आकडा ठरताना बाई तिथं असतेच असं नाही.

६. आय कन्सेंट टू द टेस्ट, नॉट टू द ऑपरेशन.
तपासणीला माझी संमती आहे, ऑपरेशनला नाही.

इथं 'टू' हा छोटा शब्द लक्षात ठेवा. मराठीत 'तपासणीला' म्हणताना जो 'ला' लागतो, तोच हा. कशाला संमती आहे, ते 'टू'च्या पुढे लिहिलेलं असतं. म्हणून फॉर्मवर कन्सेंट सापडला की लगेच 'टू' शोधायचा आणि पुढचा शब्द वाचून घ्यायचा. तिथं 'हिस्टरेक्टमी' लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ गर्भाशय काढणं. आपण ज्याला 'पिशवी काढणं' म्हणतो, तेच.

हे आपल्या जिल्ह्यात का महत्त्वाचं

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. या प्रकरणानंतर खासगी दवाखान्यात पिशवी काढायची असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांची आधी परवानगी घ्यावी, असं प्रशासनानं ठरवलं.

इथं दोन शब्दांतला फरक बघून घ्या. 'परमिशन' म्हणजे परवानगी, ती अधिकारी देतो. 'कन्सेंट' म्हणजे संमती, ती जिचं शरीर आहे ती देते. परमिशन मिळाली म्हणून कन्सेंट झाला असं होत नाही. दोन्ही वेगवेगळे लागतात.

पिशवी काढणं कधीकधी खरंच गरजेचं असतं, कॅन्सरसारख्या आजारात तर जीव वाचतो. तेव्हा घाबरून उपचार टाळू नका. पण अंगावरून पांढरं जातं, पाळीत जास्त जातं, एवढ्यावर कुणी 'पिशवी काढून टाका' म्हणालं, तर औषधानं बरं होईल का हे विचारा. बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात दुसरा सल्ला घ्या.

तिसरी पायरी : अवघड वाक्यं

७. शी वॉज ॲन ॲडल्ट, सो हर मदर कुड नॉट कन्सेंट फॉर हर.
ती सज्ञान होती, म्हणून तिच्या आईला तिच्या वतीनं संमती देता येत नव्हती.

या वाक्यामागे खरा खटला आहे. दिल्लीतल्या समीरा कोहली तपासणीसाठी दवाखान्यात गेल्या. दुर्बिणीतून तपासायचं म्हणून त्यांनी सही केली होती. त्या भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजांडं काढली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १६ जानेवारी २००८ ला निकाल लागला : तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती नव्हे, आणि सज्ञान बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबणं शक्य असताना दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही. जीव धोक्यात असेल आणि थांबायला वेळच नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर जीव वाचवायला पुढे जाऊ शकतात.

८. द रिस्क्स वेअर एक्सप्लेन्ड टू मी इन अ लँग्वेज आय अंडरस्टँड, अँड आय गिव्ह माय कन्सेंट.
मला समजणाऱ्या भाषेत धोके समजावून सांगितले आहेत आणि मी संमती देत आहे.

असं वाक्य दवाखान्याच्या फॉर्मवर असतं. 'रिस्क' म्हणजे धोका, 'एक्सप्लेन' म्हणजे समजावून सांगणं. कुणी समजावलंच नसेल, तर या वाक्याखाली सही करणं म्हणजे न झालेली गोष्ट झाली असं लिहून देणं. आधी म्हणा, 'डॉक्टर, मराठीत सांगा.'

९. द इन्शुरन्स वॉज ॲडेड टू हर लोन विदाउट हर फुल कन्सेंट.
तिच्या पूर्ण संमतीशिवाय तिच्या कर्जात विमा घातला गेला.

१ एप्रिल २०२२ पासून लागू असलेले रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे नियम सांगतात की, कर्जासोबत विम्यासारखं काही द्यायचं तर कर्जदाराची पूर्ण संमती हवी आणि त्याचा आकार कर्जकार्डावर स्पष्ट लिहिलेला हवा. कर्जाचा करारही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा. तेव्हा फायनान्सचा माणूस 'हे घ्यावंच लागतं' म्हणाला, तर कार्ड दाखवायला सांगा.

सही करण्याआधी पाच प्रश्न

हे वहीत लिहून ठेवा.

• काय करणार आहात आणि कशासाठी?
• यात धोका काय?
• दुसरा उपाय आहे का?
• मी नाही म्हटलं तर काय होईल?
• कागदाची प्रत मला मिळेल का?

पहिले चार प्रश्न डॉक्टरांनी आपणहून समजावून सांगावेत, असं वर सांगितलेल्या निकालातच म्हटलं आहे. म्हणजे आपण विचारलं तर उद्धटपणा होत नाही.

बैठकीत सराव

एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी 'कन्सेंट आहे' किंवा 'नाही' सांगायचं. का, तेही सांगायचं.

अ) सून शुद्धीत आहे, सज्ञान आहे. तिच्या ऑपरेशनच्या कागदावर सासूबाईंनी सही केली.
आ) सोळा वर्षांची मुलगी म्हणते, 'लग्नाला माझी हरकत नाही.'
इ) डॉक्टरांनी मराठीत सगळं सांगितलं. ताईंनी घरी जाऊन दोन दिवस विचार केला, मग येऊन सही केली.
ई) फोन आला, 'योजनेचे पैसे येणार आहेत, ओटीपी सांगा.' ताईंनी सांगितला. खात्यातून पैसे गेले.

उत्तरं :
अ) नाही. संमती सुनेचीच हवी.
आ) नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलीचं लग्नाचं वय अठरा आहे. त्याआधी तिच्या 'हो'नं किंवा आईबापाच्या 'हो'नं लग्न कायदेशीर ठरत नाही.
इ) आहे. समजलं, पटलं, मग सही.
ई) नाही. खोटं सांगून घेतलेला होकार आहे. पण पैसे तर गेलेच, म्हणून ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. असं झालंच तर लगेच १९३० वर फोन करा.

घरचा अभ्यास

घरातला एखादा जुना कागद काढा. दवाखान्याचा, कर्जाचा, विम्याचा, कोणताही चालेल. त्यात सी-ओ-एन-एस-ई-एन-टी शोधा आणि पेन्सिलीनं खूण करा. मग 'टू'च्या पुढचा शब्द बघा. वाचता आला नाही तर मुलीकडून वाचून घ्या. पुढच्या बैठकीला तो कागद सोबत आणा. ज्यांचे कागद अडतील, त्यांचे आपण सगळ्या मिळून वाचू.