उघड्या चाकांची शर्यत



मोटारींच्या शर्यती पुष्कळ प्रकारच्या असतात. मी आज त्यातल्या एका प्रकाराची माहिती देते. या शर्यतीच्या गाडीत एकच माणूस बसतो. शेजारी जागा नाही, मागे जागा नाही, डोक्यावर छप्पर नाही. चारही चाके ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांसारखी बाहेर उघडी असतात, त्यांच्यावर पत्रा नसतो. इंजिन चालकाच्या पाठीमागे असते.

या प्रकारातली सर्वांत मोठी शर्यत म्हणजे फॉर्म्युला वन. फॉर्म्युला म्हणजे इथे नियम. गाडी केवढी, इंजिन केवढे, वजन किती, हे आधी ठरते आणि ते सगळ्यांनी पाळायचे असते. २०२५ साली नियम असा होता की चालक धरून गाडीचे वजन ८०० किलोपेक्षा कमी नको. जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १९५० साली इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे झाली. इटलीच्या फारिनाने ती जिंकली आणि त्या वर्षाचा अजिंक्यवीरही तोच झाला.

आमच्या वर्गातली काही मुले म्हणतात, गोल गोल फिरून परत तिथेच यायचे, त्यात काय मोठे? त्यांनी एक प्रयोग करून बघावा. सायकल स्टँडवर लावा आणि पायडल मारून मागचे चाक जोरात फिरवा. आता चाकाच्या अगदी मागच्या कडेला बघा. हात मात्र लावू नका, बरे का! तिथे रबर खालून वर जाताना दिसेल. समजा, एक गाडी अशी जोरात पळते आहे आणि मागून येणाऱ्या गाडीचे पुढचे चाक नेमके तिथे टेकले. मग काय होईल? ते चाक वर फेकले जाईल. मागची गाडी पुढच्या चाकावर चढेल आणि हवेत उडेल. असे अपघात खरोखर झाले आहेत. सरळ रस्त्यावर या गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या वर पळतात. एवढ्या वेगात चाकाला चाक लागू न देता दुसऱ्याला मागे टाकायचे, हे सोपे नाही.

मग एवढ्या वेगाने वळताना गाडी घसरत कशी नाही? त्याला दोन गोष्टी कारण आहेत, पंख आणि टायर. गाडीच्या पुढे आणि मागे पंख असतात. विमानाचे पंख विमानाला वर उचलतात. हे पंख उलटे असतात, म्हणून वारा गाडीला खाली दाबतो. जेवढा वेग जास्त तेवढा दाब जास्त. खूप वेगात हा दाब गाडीच्या वजनापेक्षाही जास्त होतो. म्हणजे काही वळणे अशी आहेत की तिथे वेग कमी केला तर पकड कमी होते! मला हे सर्वांत नवलाचे वाटते.

टायर रुंद असतात. कोरड्या रस्त्यावरच्या टायरला नक्षी नसते, तो अगदी गुळगुळीत असतो. गुळगुळीत असल्यामुळे सगळे रबर रस्त्याला चिकटते. टायर गरम झाला तरच चांगला चिकटतो, म्हणून शर्यतीआधी त्याला विजेच्या पांघरुणात गुंडाळून ठेवतात. मऊ टायरवर लाल पट्टा असतो. तो पकड चांगली देतो पण लवकर झिजतो. पिवळ्या पट्ट्याचा मधला आणि पांढऱ्या पट्ट्याचा कडक. पाऊस पडला तर हिरव्या आणि निळ्या पट्ट्याचे, त्यांना मात्र पाणी बाहेर फेकायला खाचा असतात.

टायर बदलायला गाडी मध्येच बाजूला घेतात. वीसएक माणसे तयारच असतात. कोणी गाडी उचलतो, कोणी नट काढतो, कोणी चाक ओढतो. आपण 'एक, दोन, तीन' म्हणेपर्यंत चारही चाके बदलून होतात. २०२३ साली कतार देशात मॅक्लारेन संघाने १.८० सेकंदात हे काम केले, तो विक्रम झाला. आमच्या सायकलचे पंक्चर काढायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

टायरमुळेच एकदा मोठी गंमत झाली. २००५ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला एका कंपनीचे टायर तिथल्या वळणावर टिकणार नाहीत असे दिसून आले. त्यामुळे १४ गाड्या सुरुवातीच्या आधीच बाजूला झाल्या आणि सहाच गाड्या पळाल्या. त्यात आपल्या देशाचा नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला. फॉर्म्युला वनमध्ये धावलेला तो पहिला भारतीय.

शर्यत सुरू होताना पाच लाल दिवे एकेक करून लागतात आणि सगळे एकदम विझले की सुटायचे. आदल्या दिवशी ज्याची फेरी सर्वांत जलद झाली तो बहुतेक वेळा सर्वांत पुढे उभा असतो. शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची असते. आपल्याकडे ग्रेटर नोएडाला २०११, २०१२ आणि २०१३ साली ही शर्यत झाली. तिथली एक फेरी पाच किलोमीटरहून थोडी जास्त, म्हणून ६० फेऱ्या होत्या. गुणाकार करून बघा. तिन्ही वर्षी जर्मनीचा फेटेल जिंकला. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका आहे, कोणाला ओलांडू नका. लाल म्हणजे शर्यत थांबवा. काळ्यापांढऱ्या चौकटीचे म्हणजे संपली. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला १८, आणि असे करत दहाव्याला १.

आता धोक्याचे सांगते. १९७६ साली जर्मनीत नूरबुर्गरिंगला शर्यत होती. तिथली एक फेरी जवळजवळ २३ किलोमीटरची. निकी लाउडा हा ऑस्ट्रियाचा चालक आधीच म्हणत होता की हा रस्ता धोक्याचा आहे, इथे धावू नये. पण इतर चालकांचे मत तसे पडले नाही. शर्यतीत त्याचीच गाडी आदळून पेटली. मागून आलेल्या चार चालकांनी आपल्या गाड्या सोडल्या आणि त्याला आगीतून ओढून काढले. तो फार भाजला होता. तरी सहा आठवड्यांनी तो इटलीत पुन्हा शर्यतीला उतरला आणि चौथा आला. त्या जुन्या लांब रस्त्यावर मग फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा झाली नाही.

चालकाचे डोके उघडे असते, हा दुसरा धोका. म्हणून २०१८ पासून डोक्याभोवती टायटॅनियम धातूचे एक कडे बसवतात. त्याला हेलो म्हणतात. टेलिफोनवरचा हॅलो वेगळा! देवाच्या तसबिरीत डोक्यामागे प्रभावळ असते, तिच्यावरून हे नाव पडले. सुरुवातीला पुष्कळांना ते आवडले नाही. गाडी कुरूप दिसते असे लोक म्हणाले. फ्रान्सचा रोमां ग्रोजां हा चालकही त्याच्या विरुद्ध होता.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये पहिल्याच फेरीत ग्रोजांची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि भडका उडाला. हेलोमुळे कठड्याचा पत्रा त्याच्या डोक्यावर आला नाही. पाय अडकला होता, तो त्याने ओढून काढला, बूट आतच राहिला. अर्ध्या मिनिटाच्या आत तो स्वतः आगीतून बाहेर आला. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या मागे डॉक्टरांची मोटार धावत असते, त्यामुळे डॉक्टर लगेच पोचले होते. त्याचे हात भाजले, पण जीव वाचला. हेलो नसते तर आपण वाचलो नसतो, असे त्याने नंतर सांगितले.

बरोबर सात दिवसांनी बहारीनमध्येच फॉर्म्युला टू ही खालच्या पायरीची शर्यत होती. ती मुंबईच्या जेहान दारूवालाने जिंकली. त्याच्याही गाडीवर हेलो होते.