कॅप बसविलेला दात आणि त्याभोवतीची हिरडी

दंतविभागात केसपेपर काढताना 'तक्रार' या रकान्यात दोन वाक्ये वारंवार उतरतात. 'कॅपच्या दाताची हिरडी काळी पडली' हे एक, आणि 'कॅपच्या दाताला गार लागते' हे दुसरे. कॅप बसली म्हणजे त्या दाताचा प्रश्न कायमचा मिटला, अशी समजूत या दोन्हींमागे आढळते. आम्ही वैद्यकाचे नव्हे, वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. आमच्या भाषेत सांगावयाचे तर कॅप ही घसारा लागू असलेली मालमत्ता आहे. तिची देखभाल व तपासणी ओघानेच आली. दंतविभागातील डॉक्टरांशी बोलून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहोत.

प्रथम काळेपणा नेमका कोठे आहे ते आरशात पाहावे. तो दाताच्या कडेवर आहे की हिरडीत? आपल्याकडे बसविल्या गेलेल्या असंख्य कॅप धातू व चिनी माती यांच्या जोडीने बनलेल्या आहेत. आत धातूचे पातळ कवच, बहुधा निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूचे, आणि त्यावर दातासारख्या रंगाचा थर. १९६० च्या दशकापासून ही पद्धत जगभर रूढ झाली. कॅप नवी असताना तिची कड हिरडीखाली किंचित झाकलेली असते. पुढे वर्षे लोटतात, हिरडी मागे सरते आणि धातूची कड उघडी पडते. ती काळी रेघ म्हणजे कीड नव्हे, मळही नव्हे. ती घासून जाणार नाही, आणि जोराने घासल्यास हिरडी आणखी मागे सरेल. वरच्या पुढील दातांवर हिरडी पातळ असल्यास आतील धातूची किंवा काळवंडलेल्या मुळाची करडी छाया तिच्यातून दिसते. चांदीचे जुने सिमेंट भरलेला दात कॅपसाठी घासताना त्याचे कण हिरडीत रुतले, तर तेथे निळसर काळा ठिपका कायमचा राहतो. शिवाय आपल्या लोकांच्या हिरड्या मुळातच थोड्याफार सावळ्या असतात, हेही लक्षात घ्यावे.

हा काळेपणा वर्षानुवर्षे तसाच असेल, वेदना किंवा रक्तस्राव नसेल आणि डॉक्टरांनी एकदा पाहून खात्री केली असेल, तर त्यासाठी खर्च करण्याचे कारण नाही. दिसण्याची अडचण वाटल्यास झिर्कोनियासारखी धातूविरहित कॅप बसविता येते. मात्र जुनी कॅप कापून काढताना आतील दाताला इजा होण्याचा संभव असतो, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्यावा. याउलट काळा डाग पसरत असेल, किंवा शेजारी पांढरा चट्टा वा न भरणारी जखम दिसत असेल, तर एक दिवसही थांबू नये. तंबाखू व मिश्री वापरणाऱ्यांस तर आम्ही हे हात जोडून सांगतो.

काळ्यापेक्षा लाल अथवा जांभळट रंगाची चिंता अधिक करावी. कॅपच्या कडेशी साचलेला चिकट थर, बसविताना उरलेला सिमेंटचा कण, सैल झालेली कड, ही त्याची नेहमीची कारणे होत. कधी कड हिरडीखाली फार खोल गेलेली असते. हाडाचा माथा व कॅपची कड यांत सुमारे ३ मिलिमीटर अंतर असावे असे मानले जाते. ते न राहिल्यास कितीही स्वच्छता राखली तरी हिरडी सुजलेलीच राहते. ज्यांना खोट्या दागिन्यांनी कान चिघळण्याचा त्रास आहे, त्यांना निकेलचे वावडे असू शकते. त्यांनी कॅपचे माप देण्यापूर्वीच तसे सांगावे.

आता शिवशिवण्याविषयी. नस जिवंत असलेल्या दातावर कॅप बसविल्यास काही दिवस गार लागणे स्वाभाविक आहे. हिरडी सरून मूळ उघडे पडले असेल, तर त्यातील सूक्ष्म नलिकांतून थंडाव्याची कळ आतवर पोचते; त्यासाठी मिळणारी टूथपेस्ट काही आठवडे नेमाने वापरावी लागते. चावताना दुखत असेल तर कॅप उंच लागत असण्याची किंवा दात तडकल्याची शंका घ्यावी. गरम पदार्थाने कळ येऊन बराच वेळ टिकणे किंवा रात्री ठणक्याने जाग येणे, ही मात्र नस बिघडल्याची खूण होय. हिरडीवर लवंगतेलाचा बोळा दाबून धरून महिनाभर काढणारे रुग्ण आम्ही पाहतो. तेलाने हिरडी भाजते, आणि आतला आजार आहे तेथेच राहतो.

परंतु रूट कॅनाल केलेल्या दाताची गोष्ट निराळी आहे, आणि आमच्या मते या लेखातील हाच भाग सर्वाधिक महत्त्वाचा. त्या दातात नस उरलेली नसते, त्यामुळे त्याला गार-गरम कळत नाही. तसे वाटत असेल तर बहुधा शेजारचा दात तक्रार करीत असतो. कॅपच्या कडेतून कीड शिरली तरी असा दात मुकाच राहतो. त्याच्या वतीने काय ते हिरडी सांगते: किंचित सूज, घासताना रक्त, वाईट वास, किंवा एखादी पुटकुळी. पुटकुळी फुटून पू वाहून गेला की ठणका थांबतो, आणि घरची मंडळी 'बरे झाले' म्हणून निश्चिंत होतात. एका वृद्ध भगिनींच्या बाबतीत कॅप बाहेरून लखलखीत होती. ती काढली तेव्हा आतील दात मऊ होऊन गेला होता व तो काढावा लागला. त्या अखेरपर्यंत म्हणत होत्या, "पण दुखत तर नव्हतं हो!" धातूच्या कॅपखालची कीड क्ष-किरण चित्रातही झाकली जाते. म्हणून डॉक्टर बारीक सळईने कड चाचपून पाहतात. हे काम घरच्या आरशात होत नाही.

सवलतीत कॅप मिळालेल्या रुग्णांपैकी अनेकजण पुढील तपासणीस येत नाहीत. रिक्षाभाडे व बुडणारी मजुरी ही त्याची कारणे आम्हांस ठाऊक आहेत. यास्तव देणगीदारांना विनंती, की दंतसाहाय्यासाठी दिलेल्या रकमेतील काही भाग फेरतपासणी व क्ष-किरण यांसाठी वापरण्याची मुभा द्यावी. त्याचे छायाचित्र काढता येत नाही, हे खरे. नातेवाइकांनी रुग्णास आणताना जुने क्ष-किरण चित्र, रूट कॅनाल केल्याचे वर्ष आणि कॅपच्या धातूची नोंद असलेली पावती असल्यास सोबत ठेवावी. मधुमेहाची फाईलही आणावी, कारण साखर वाढलेली असेल तर हिरडीची सूज लवकर उतरत नाही.