सरकीचं तेल, चोर बीटी आणि एन्झाइमच्या गोळ्या

अकोट-तेल्हाऱ्याकडचे रुग्ण हल्ली एका दमात दोन प्रश्न विचारतात. चोर बीटीच्या, म्हणजे विनापरवाना विकल्या जाणाऱ्या कापसाच्या, सरकीचं तेल खाल्लं तर अपाय होतो का? आणि जनुक बदललेल्या पिकातले अँटिऑक्सिडंट एन्झाइम अंगी लागतात का? दोन्हींचं उत्तर पचनात आहे.

जून 2019 मध्ये अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेने या चोर बीटीची, म्हणजे एचटीबीटीची, उघड लागवड केली, ते आठवत असेल. ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तरी ही पऱ्हाटी जगते, कारण तिच्यात जिवाणूचं जनुक घालून एक वेगळं एन्झाइम आणलेलं आहे. एन्झाइम म्हणजे शेवटी प्रथिनच. तुरीच्या वरणातल्या प्रथिनासारखंच तेही आतड्यात तुटतं. त्यातून रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास उरतच नाही. मला काळजी आहे ती फवारणाऱ्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 साली ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. हातमोजे घाला, नाकातोंडाला मास्क लावा, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका, आणि ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.

आता अँटिऑक्सिडंट. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज ही अशा एन्झाइमची नावं गोळ्यांच्या डब्यावर भारदस्त दिसतात, पण गिळलेलं एन्झाइमही तसंच पचून जातं. आपल्या पेशी ही एन्झाइम स्वतः बनवतात. त्यांना लागतं जस्त, तांबं, मँगनीज, लोह, सेलेनियम. एन्झाइमला साथ देणारी बरीचशी कोएन्झाइम ब जीवनसत्त्वांपासून तयार होतात. हा माल ज्वारीच्या भाकरीत, डाळीत, दुधात, शेंगदाण्यात आहे. हरभऱ्याला मोड आणा: मोड येताना दाण्यातलं फायटेज एन्झाइम फायटिक आम्ल फोडतं, मग जस्त आणि लोह जास्त शोषलं जातं. खाण्यातल्या एन्झाइमचं खरं काम असं पोटात जाण्याआधीच होतं!

परकं जनुक घातलेलं, व्यापारी लागवडीला परवानगी असलेलं पीक आपल्याकडे एकच, कापूस. त्यामुळे ‘जीएम’ (जनुक बदललेली) ज्वारी म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका. लोह-जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी 2018 मध्ये आली, परभणीचं कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही संशोधन संस्था यांच्याकडून. पण ती साध्या निवड-पैदाशीची आहे. बियाणं मिळालं तर घरच्यापुरती जरूर पेरा.

राहिलं कोएन्झाइम क्यू-टेन. शरीर तेही बनवतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी त्याचं प्रमाण घटतं, म्हणून अमरावती-अकोल्याच्या मेडिकलमध्ये त्याला भलतीच मागणी. स्टॅटिन घेताना स्नायू दुखत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून गोळी जोडू नका. आणि रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू असेल तर क्यू-टेन विचारल्याशिवाय अजिबात नको, त्याने वॉरफरिनचा असर कमी होऊ शकतो.