मेंदूच्या गाठी आणि प्रथिनांची साक्ष

बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर पॅराफिनचा ठोकळा सहसा येत नाही. २०१६ च्या पावसाळ्यात तो माझ्या टेबलावर आला, तोही औषधाच्या जुन्या डबीत, कापसात गुंडाळून. आणणारे गृहस्थ आपल्या इंदुरातील सियागंजात हिशेबनीस. त्यांचा अडीच वर्षांचा मुलगा २००३ साली माझ्याच उपचाराखाली होता. सकाळी उठताच होणाऱ्या त्याच्या उलट्या मी तीन आठवडे पोटाच्या समजत राहिलो. मान एका बाजूस कलू लागली तेव्हा कुठे एमआरआय झाला. लहान मेंदूत गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, ‘मेड्युलोब्लास्टोमा’ असा अहवाल आला, त्यानुसार केमोथेरपी झाली आणि आठ महिन्यांत मूल गेले. पुढे बाई पुन्हा गरोदर राहिल्या. “डॉक्टरसाहेब, याही बाळाला असं होईल का हो?” या त्यांच्या प्रश्नाला मी क्षणाचाही विचार न करता, “नाही, हा आजार आनुवंशिक नसतो,” असे उत्तर दिले होते.

तेव्हा जन्मलेली मुलगी आता अकरा वर्षांची झाली होती आणि तिचे डोके दुखत होते. तपासणी व एमआरआय दोन्ही निर्दोष निघाले. तिला चष्मा लागला होता, एवढेच. परंतु तेरा वर्षे कपाटात जपलेला तो ठोकळा वडिलांनी का आणला, हे न सांगताच मला कळले. मी तो ठेवून घेतला आणि मुंबईतील एका पॅथॉलॉजिस्ट मित्राकडे पाठवला.

विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी मेंदूच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली आकारावरून ओळखायला शिकलो. लहान मुलांच्या लहान मेंदूतील गाठीत निळ्या, गोल, दाटीवाटीच्या पेशी दिसल्या की निदान बहुधा ठरलेले असे. अडचण अशी की, अगदी वेगळ्या स्वभावाच्या दोन गाठी त्या निळ्या गर्दीत सारख्याच दिसू शकतात. पेशी कशी दिसते याहून ती कोणती प्रथिने बनवते आणि कोणती बनवायचे सोडून देते, ही साक्ष अधिक भरवशाची असते. जनुक हा लेखी हुकूम. अंमल करणारे प्रथिन. हुकूम असूनही अंमल न झाल्याची उदाहरणे सरकारी कचेऱ्यांप्रमाणे पेशीतही भरपूर आहेत.

आमच्या ठोकळ्याच्या बाबतीत महत्त्वाचे ठरले ते आयएनआय-१ हे प्रथिन. १९९४ साली गंजाम कल्पना आणि स्टीफन गॉफ यांनी ते शोधले ते एचआयव्हीच्या अभ्यासात. विषाणूच्या इंटिग्रेज या विकराशी जोडी जमवणारे प्रथिन म्हणून त्याला हे नाव मिळाले. कर्करोगाशी त्याचा काही संबंध असेल असे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. १९९८ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले की, बाविसाव्या गुणसूत्रावरील त्याचे जनुक निकामी झाले की रॅब्डॉइड जातीच्या अतिघातक गाठी होतात. निरोगी पेशीत हे प्रथिन डीएनएची गुंडाळी सैल-घट्ट करणाऱ्या यंत्रणेचा एक भाग असते. २००४ पासून त्याच्यावरील प्रतिपिंड वापरून काचपट्टीवरच तपासणी होऊ लागली. प्रथिन असेल तर पेशीकेंद्रक तपकिरी रंगते. मेंदूतील रॅब्डॉइड गाठीत, म्हणजे एटीआरटीत, ते रंगतच नाही. मात्र त्याच काचपट्टीवरील रक्तवाहिन्यांची केंद्रके तपकिरी दिसतात आणि रंगक्रिया बरोबर झाल्याची ग्वाही देतात.

मित्राने पाठवलेल्या छायाचित्रात नेमके हेच होते: निळ्या पेशींच्या समुद्रात तपकिरी केंद्रकांच्या मोजक्या रक्तवाहिन्या. म्हणजे २००३ चे निदान चुकीचे होते. तो अहवाल लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही, कारण ही तपासणी तेव्हा हातातच नव्हती. माझ्या उत्तराचे मात्र तसे म्हणता येत नाही. एटीआरटीच्या सुमारे एकतृतीयांश मुलांमध्ये हा दोष जन्मजात, शरीरातील प्रत्येक पेशीत असतो, आणि भावंडांचा प्रश्न तिथेच उभा राहतो. आई-वडील व मुलगी यांच्या रक्ताची जनुकीय तपासणी करविली; कोणातही दोष आढळला नाही. माझे ‘नाही’ खरे ठरले, परंतु ते ज्ञानावर आधारलेले नव्हते.

एखादे प्रथिन नाहीसे होणे ही एक तऱ्हा झाली. दुसरी तऱ्हा अधिक चमत्कारिक आहे. मस्तिष्कस्तंभाच्या पॉन्स या भागात पसरणारी ग्लायोमा आपण डीआयपीजी या नावाने ओळखतो. निदानानंतर ही मुले बहुधा वर्षभरही जगत नाहीत. जागा नाजूक, त्यामुळे बायोप्सी करू नये, एमआरआयवरच निदान करावे, असाच शिरस्ता होता. काही केंद्रांनी सुईने तुकडे घेण्याचे धाडस केले आणि काही आई-वडिलांनी मुलाच्या मृत्यूनंतर त्याची गाठ संशोधनासाठी दिली, तेव्हा कुठे अभ्यासाला ऊतक मिळाले. २०१२ साली त्यातून कळले की, यांतील बहुसंख्य गाठींत डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन एच-३ या प्रथिनाच्या शेपटीत २७ व्या जागी लायसिनऐवजी मिथिओनिन बसलेले असते. (काही अहवालांत २८ हा आकडा दिसतो; सुरुवातीचे गळून पडणारे अमिनो आम्ल मोजले की एक वाढतो. दोन अहवाल दोन आजारांचे समजून एक पालक माझ्याकडे रडत आले होते, म्हणून सांगतो.)

एकाच अमिनो आम्लाच्या बदलाने एवढे काय बिघडते? या लायसिनवर मिथिल गट चढवून नको ती जनुके बंद ठेवणे हे पीआरसी-२ या प्रथिनसमूहाचे काम. बदललेले हिस्टोन त्या समूहालाच अडवून धरते. पेशीतील एकूण एच-३ मध्ये सदोष प्रथिनाचा वाटा थोडाच असतो, तरी बाकीच्या निर्दोष हिस्टोनवरचे मिथिल गटही उतरतात, आणि बंद राहायची जनुके जागी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये या बदलाच्या नावाने स्वतंत्र गाठ मान्य केली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत डॉर्डाविप्रोन या औषधाला, आधीच्या उपचारांनंतर वाढलेल्या अशा गाठींसाठी, सशर्त मान्यता मिळाली. ज्या ५० रुग्णांच्या आधारे ती मिळाली, त्यांतील २२ टक्क्यांत गाठ आकसली. आकडा लहान आहे. पण या आजारात आजवर रेडिओथेरपीपलीकडे आपल्या हाती काहीच नव्हते, हेही विसरता येत नाही.

एकेक प्रथिन रंगवून पाहण्याऐवजी मास स्पेक्ट्रोमीटरने हजारो प्रथिने एकदम मोजण्याचे शास्त्र आता पुढे आले आहे. २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ४५ मेड्युलोब्लास्टोमांचा असा अभ्यास केला, तेव्हा आरएनएच्या पातळीवर सारख्या दिसणाऱ्या काही गाठी प्रथिनांच्या पातळीवर दोन गटांत विभागल्या गेल्या. २०२० मध्ये सात प्रकारच्या २१८ बालगाठींच्या अभ्यासात क्रेनिओफॅरिंजिओमाच्या एका गटाची प्रथिने बीआरएएफ जनुकातील विशिष्ट दोष असलेल्या ग्लायोमांशी मिळतीजुळती निघाली, वास्तविक त्या गटात तो दोष नव्हता. जनुकाच्या अहवालावर थांबलो असतो तर हे साम्य दिसलेच नसते. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत डॉ. संजीव श्रीवास्तव यांची प्रयोगशाळा टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांच्या सहकार्याने मेंदूच्या गाठींतील प्रथिनांचा अभ्यास करीत आली आहे.

यात आपल्यासारख्यांचे काम काय, असे वाटेल. शस्त्रक्रिया आपण करीत नाही. परंतु मूल आपण पाठवतो आणि आई-वडील परत येतात ते आपल्याकडेच. काढलेला तुकडा तासन् तास सलाइनमध्ये पडला किंवा अपुऱ्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवला, तर प्रथिने खराब होतात आणि प्रतिपिंडांना साक्ष देता येत नाही. तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिन हवे. व्यापक प्रथिन-अभ्यासासाठी तर ताजा तुकडा लगेच गोठवावा लागतो, कारण प्रथिनांवरील फॉस्फेट गट काही मिनिटांतच बदलू लागतात. आणि ठोकळा! अहवालाची झेरॉक्स आई-वडील दहा ठिकाणी घेऊन फिरतात, ठोकळा मात्र मागायचा असतो हे त्यांना कोणी सांगत नाही. मी आता रेफरलच्या चिठ्ठीतच तसे लिहितो.

हिशेबनिसांनी तो ठोकळा परत मागितला. मी त्यांना दिला. मुलाची २००३ ची फाइल काढून मूळ निदान न खोडता त्याशेजारी नवे निदान लिहिले आणि खाली तारीख घातली.